सोळा हप्त्यांतलं प्रेम

कोरियन लोकांचं मला एका बाबतीत फार कौतुक वाटतं. त्यांच्याकडे प्रेमाला मुदत असते. सोळा भाग म्हणजे सोळा भाग. शनिवार-रविवार एकेक दाखवला की आठ आठवड्यांत खातं बंद. मुद्दल, व्याज, अश्रू, सगळं चुकतं. आमच्या मराठीत ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ साली सुरू झाली ती २०१३ साली थांबली. तीन हजारांवर भाग झाले. सासूचे चार दिवस संपायला अकरा वर्षांहून जास्त काळ लागतो हे आधी कळलं असतं, तर कित्येक मुलींनी बोहल्यावरूनच परतीची एस.टी. धरली असती. मी बी.कॉम. आहे आणि गेली वीस वर्षं बँकेत कारकुनी करतो. म्हणजे साहित्यातलं मला काही कळत नाही. पण थकबाकी कशाला म्हणतात ते कळतं. नव्वद दिवस हप्ता आला नाही की आम्ही खातं एनपीए धरतो. नव्वद भाग होऊनही ज्यांचं लग्न ठरत नाही, त्यांना काय धरायचं ते वाचकांनीच ठरवावं.

माझी मुलगी बारावीला आहे. कोरियाचा शोध आपण लावला असा तिचा समज आहे. वास्तविक तिच्या जन्माच्याही आधी, २००६ साली, दूरदर्शनने ‘घर का चिराग’ या नावाने एक कोरियन मालिका हिंदीत दाखवली होती. मूळ नाव ‘दे जांग गम’. घरी तेव्हा केबल नव्हती, त्यामुळे आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. राजाच्या मुदपाकखान्यात कामाला लागलेली पोर पुढे राजाची वैद्य होते, अशी ती गोष्ट. लहानपणी तिला विचारतात, या पदार्थात पर्सिमॉनचं फळ घातलंय हे तू कशावरून म्हणतेस? ती म्हणते, चव लागली म्हणून म्हटलं. टीकाशास्त्रावर याहून नेमकं काही माझ्या वाचनात नाही. अर्थात टीकाशास्त्रावर मी काहीच वाचलेलं नाही. तेव्हा पुढे जे लिहितोय ते चव लागली म्हणून.

पहिली चव संथपणाची. तिथला नायक चौथ्या भागात नायिकेच्या डोक्यावर छत्री धरतो आणि आठव्यापर्यंत प्रकरण त्या छत्रीखालून बाहेर पडत नाही. मध्ये एकदा तिला दारू चढते आणि तो तिला पाठुंगळी घेऊन घरी पोचवतो. हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक मालिकेत असतो; बहुधा तिकडे तसा कायदा असावा. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा आमच्या हिने हळूच माझ्या पाठीकडे नजर टाकली आणि एक अक्षर न बोलता मेथी निवडायला घेतली. आमची शकुंतला, म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरो गेज, धावत होती तेव्हा तीही अशीच रमतगमत जायची. पण मूर्तिजापूर येणार याबद्दल कोणाला शंका नसे. आमच्या मालिका धावतात जोरात, पण दारव्ह्याच्या स्टेशनालाच प्रदक्षिणा घालत राहतात.

तपशिलाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखाच आनंद. २००२ सालच्या ‘विंटर सोनाटा’त नायकाला अपघात होतो, त्याची स्मृती जाते आणि पुढे तो निराळ्या नावाने परत येतो. हा तोच की दुसरा, या एका प्रश्नावर वीसपैकी बरेच भाग खर्ची पडतात. आमच्या शाखेत खातं उघडायला पाठवला असता तर केवायसीच्या खिडकीवर अर्ध्या तासात निकाल लागला असता. आणि आपल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका तर आमच्या बाजूची, नागपूरकडची. आमची बोली रोज रात्री पडद्यावर ऐकू यायची याचा आम्हाला कोण अभिमान! तिने मसाल्याची कंपनी काढली आणि बघता बघता ती तीनशे कोटींची झाली. २०२१ साली मालिका संपली तरी त्या कंपनीचा ताळेबंद एकदा नजरेखालून घालायची माझी इच्छा अपुरीच आहे.

दुसरी चव जेवणाची. कोरियन माणूस ख्यालीखुशाली विचारतो ती ‘जेवलास का’ अशी. भांडण झालं, जेवले. नोकरी गेली, जेवले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या घरात ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ शिरली. दक्षिणेकडची गर्भश्रीमंत मुलगी छत्रीला लटकून उडता उडता वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियाच्या हद्दीत पडते. तिथला कॅप्टन तिला अटक करायचं सोडून शेवया करून घालतो, कॉफीच्या बिया भाजून दळून देतो. आमच्या आईला भाषा कळत नव्हती, राजकारण कळत नव्हतं, पण मुलगा चांगला आहे हे तिला दुसऱ्याच भागात कळलं. “खाऊ घालते नं तो तिले. मंग झालं,” असा तिने निकाल दिला. पुढे २०२२ साली त्या नटाने आणि नटीने खरोखरीचं लग्न केलं, तेव्हा घरातल्या कार्याइतका आनंद आईला झाला. आहेर तेवढा राहिला.

इथवर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कर्जाबद्दल.

या मालिकांतून नायिकेच्या बापाने हमखास कर्ज केलेलं असतं, तेही सावकाराचं. दार ठोठावणारी माणसं येतात, भांडी फेकतात, पोर चार ठिकाणी राबते. मग एखाद्या उद्योगसमूहाचा वारस तिच्या प्रेमात पडतो आणि कर्ज हा विषय कथेतून विरघळून जातो. ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ (२००९) मध्ये निदान मुलीची आई तरी पाणीदार आहे. पोराचा नाद सोडावा म्हणून त्याची कोट्यधीश आई पैसे घेऊन घरी येते, तेव्हा ही बाई तिच्या डोक्यावर मीठ ओतते. त्या मिठाला मी पैकीच्या पैकी मार्क दिले. पण गरीब मुलगी आणि पैसेवाला मुलगा हा साचा काही हलत नाही. सरहद्दीपलीकडचं ‘हमसफर’ आम्ही ‘जिंदगी’ वाहिनीवर डोळे पुसत पाहिलं, तिथेही तोच.

कर्जाची गोष्ट यवतमाळ जिल्ह्यात बसून पाहणं निराळं असतं. दूरदर्शन ते ‘घर का चिराग’ दाखवत होतं त्याच २००६ सालच्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. सहांत आम्ही होतो. पुढे २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन कर्जमाफ्या झाल्या. काउंटरच्या अलीकडून मी बरीच कर्जं पाहिली. एकाही खात्यावर वारसाने नवव्या भागात येऊन पूर्ण रक्कम भरल्याची नोंद नाही. कापूस उत्पादकाच्या मुलीच्या प्रेमात पडायला सोलवरून कोणी येत नाही. मालिका खोटी असते याचं मला वावडं नाही, खोटेपणासाठीच आपण ती लावतो. पण कर्जाचा उपयोग फक्त नायिकेला गरीब दाखवण्यापुरता करायचा आणि काम झालं की ते खड्यासारखं उचलून टाकायचं, हे मला सहन होत नाही.

म्हणून मला ‘माय मिस्टर’ (२०१८) आवडली. नायक पंचेचाळिशीचा आणि मुलगी एकविशीची, एवढं ऐकून मी टीव्ही बंदच करणार होतो. सुरुवातीच्या भागांत सावकाराच्या पोराने केलेली मारहाणही नको तितकी लांबवली आहे. पण दम धरावा. इमारतींची मजबुती तपासणारा हा इंजिनियर, नोकरीत दबलेला, घरात दमलेला. मुलगी त्याच्याच ऑफिसात हंगामी कामाला. आईचं कर्ज तिच्या माथी, घरी ऐकू न येणारी म्हातारी आजी. ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या खिशात घालून नेते आणि रात्री त्यावर भागवते. आता इथे वारस यायला हवा. येत नाही. इंजिनियर तिला एक नियम सांगतो. तू आपला पत्ता आजीपासून वेगळा नोंदव, म्हणजे आजी निराधार धरली जाईल आणि सरकारी खर्चाने तिची सोय होईल. आणि मग विचारतो, इतकं साधं तुला कोणी सांगितलं नाही?

अख्ख्या कोरियन प्रेमवाङ्मयात मला याहून प्रेमाचं वाक्य सापडलेलं नाही. कारण ते मला ओळखीचं आहे. घाटंजीकडची एक बाई नवऱ्याचं खातं बंद करायला आली होती. शिल्लक अकराशे रुपये. पासबुकात मे महिन्यात ४३६ रुपये वजा पडलेले. “हे काहाचे कापले जी?” तिला वाटलं बँकेने दंड घेतला. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता होता; २०१५ सालची योजना, आधी ३३० होता, २०२२ पासून ४३६. माणूस गेला तर वारसाला दोन लाख. सोबत दीर होता, भाऊ होता, गावातला एक शहाणाही होता, आणि त्या नोंदीचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. आम्ही फॉर्म भरला. पाऊस पडत नव्हता, छत्री नव्हती आणि पार्श्वसंगीत म्हणून नोटा मोजायचं मशीन घरघरत होतं. कोरियन दिग्दर्शक असता तर त्याने या प्रसंगाला निदान सहा मिनिटं दिली असती.

घरात मात्र या मालिकेवरून दुफळी आहे. मुलगी म्हणते, “बाबा, त्या दोघांचं लग्न होत नाही, काही होत नाही, याला रोमान्स म्हणत नाहीत.” ही म्हणते, “अहो, हिरो पंचेचाळीसचा आहे, तेवढंच तुम्हाला आवडलंय.” यावर मी टीकाकाराला शोभेल असं मौन पाळलं.

आईने एकच प्रसंग दोनदा लावायला सांगितला. आजीला चंद्र पाहायचा असतो, म्हणून ती पोर तिला दुकानातल्या सामानाच्या ढकलगाडीत बसवून रस्त्याने नेते. परत येताना चढावर गाडी अडते आणि इंजिनियर म्हातारीला पाठीवर घेतो. आमच्या आईचे गुडघे गेल्याला चार वर्षं झाली. गच्चीवर ती तेव्हापासून गेलेली नाही. प्रसंग संपल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “पुनव कधी हाय रे?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पाच दिवस होते. गच्चीला बावीस पायऱ्या आहेत. हिने पुन्हा एकदा माझ्या पाठीकडे पाहिलं.