कागदावर उतरलेली पेटी

आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या भजनी मंडळांत प्रत्येक पेटीवाल्याचा हात वेगळा. गावातल्या एका वृद्ध पेटीवाल्यांचा हात जपून ठेवावा, म्हणून मी एक खटाटोप केला. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली तांब्याची पत्ती बसवली. पट्टी दाबली की विजेचा प्रवाह जुळे आणि सरकत्या कागदावर पेन्सिलीची रेघ उमटे.

ही कल्पना जुनीच. १९०४ साली जर्मनीच्या वेल्टे कंपनीने पियानोवादकाचे वादन कागदी गुंडाळीवर नोंदवून तेच पुन्हा वाजवणारे यंत्र आणले. कागदातले छिद्र पुढे आले की हवेच्या दाबातल्या फरकाने पट्टी हलते. १९०८ साली अमेरिकेतल्या उत्पादकांनी ८८ सुरांच्या गुंडाळीचे माप एकसारखे ठरवले.

माझ्या कागदावर कोणती पट्टी, केव्हा आणि किती वेळ दाबली, हे नेमके उतरले. भात्याचा जोर मात्र उतरला नाही. त्याहून मोठी उणीव पुढची. अभंग गाणारा एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेने जातो, आणि त्या वाटेवर पट्टीच नाही.

हे दुखणे आपल्याकडे आधीच ओळखले गेले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाच्या मदतीने सुरांची मोजमापे केली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. त्यातून श्रुतिपेटी तयार झाली, तिच्यावर वादही झडले. देवलांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण पट्ट्या वाढवून मींड हाती येत नाही. श्रुती म्हणजे सुराची जागा, मींड म्हणजे सुराची चाल. मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी संगणकाने गाण्याचे आलेख काढले, त्यांत सूर वाहत्या रेषेसारखा दिसतो. मला हीच वाट योग्य वाटते.

मग गुंडाळी फुकट का? नाही. ती हाताची साक्ष आहे, गळ्याची नव्हे. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रित करून दोन्ही नोंदी एका काळरेषेवर ठेवल्या, तर साथ कुठे मागे राहते, कुठे सावरते, ते कळेल. मी ते उशिरा ओळखले. दुसरी नोंद घेण्याआधीच ते पेटीवाले गेले. माझ्याकडे त्यांच्या बोटांच्या रेघा आहेत. ज्या गळ्यांना त्यांनी साथ दिली, ते त्या कागदावर नाहीत. आपल्या गावात असा पेटीवाला असेल, तर आधी त्याच्यासोबत गाणाऱ्याला बसवा.