पंचाहत्तर वर्षांची अट आणि पत्र्याची पेटी

इतिहासाचे साधन कोणते, हे विद्वानांच्या परिषदेत ठरते असा आपल्याकडे समज आहे. अलीकडे ते अनुदानाच्या अर्जात ठरते. अर्जातील रकाना ज्याला ओळखतो ते साधन, ज्याला ओळखत नाही ती रद्दी. बारामती-इंदापूर परिसरातील आमच्या वस्त्यांमधले जुने कागद संगणकावर उतरवून कायमचे राखावेत, या खटपटीत मी काही वर्षे आहे. ही चिकित्सा त्या अनुभवातून आलेली आहे.

केंद्र शासनाने 2003 साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. 2025-26 च्या अर्थसंकल्पात त्याला ‘ज्ञानभारतम्’ हे नवे रूप मिळाले. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचे जाहीर झाले आणि साडेतीन कोटींची तरतूद साठ कोटींवर गेली. स्वागतच आहे. परंतु हस्तलिखित म्हणावे कशाला? मिशनची व्याख्या अशी की, ते कागद, भूर्जपत्र, ताडपत्र, कापड, धातू अशा कशावर तरी हाताने लिहिलेले असावे, किमान 75 वर्षे जुने असावे आणि शास्त्रीय, ऐतिहासिक वा सौंदर्यदृष्ट्या मोलाचे असावे. छापील ग्रंथ त्यात नाहीत. शिलालेख, फर्माने, महसुली कागदही नाहीत. त्यांत घटनांची माहिती असते, हस्तलिखितात ‘ज्ञान’ असते, असा हा भेद आहे.

बारामती हे मोरोपंतांचे गाव. 1794 साली ते तेथेच वारले. उद्या त्यांच्या काव्याची एखादी जुनी पोथी सापडली तर ती वय, हस्ताक्षर आणि ज्ञान या तिन्ही कसोट्यांना उतरेल. उतरावीच. मोरोपंतांवर माझा राग नाही, बी.ए.ला त्यांच्या आर्या मीही पाठ केल्या आहेत. पण त्याच काळात वेशीबाहेर जे राहत होते आणि ज्यांना अक्षराची बंदी होती, त्यांच्याकडे तेव्हाची पोथी कुठून यावी? आधी लेखणी नाकारायची आणि नंतर जुने लिखाण दाखवा म्हणायचे, असा हा व्यवहार आहे.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आजोबांना सही येत नव्हती, अंगठा उठवत. पण त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कागद होते. जलशातील गाण्यांची एक वही, तीन-चार हातांनी लिहिलेली. 1956 च्या धर्मांतरानंतरचे एक हँडबिल. जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके. वतनी जमिनीचे कागद. ही पेटी मी व्याख्येपुढे ठेवून पाहिली. वही हाताने लिहिलेली, पण तिचे वय भरत नाही, आणि कर्ता कोण हेही सांगता येत नाही. हँडबिल 2031 साली पंचाहत्तरी गाठेल, परंतु ते छापील, म्हणून तेव्हाही बाहेरच. वतनाचे कागद महसुली. पावतीपुस्तकांचा तर प्रश्नच नाही. चारही बाद.

आता त्या पावत्यांत काय आहे ते पाहावे. कुणी चार आणे दिले, कुणी आठ आणे, पैसे नसलेल्याने एक पायली ज्वारी. नावापुढे कुठे ‘कारखाना’, कुठे ‘मुंबई, गिरणी’. वस्तीतून कोण केव्हा बाहेर पडला आणि बाहेर पडूनही वर्गणी पाठवत राहिला, हे सांगणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. वतनाच्या कागदांबद्दल काय सांगावे! 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नाहीशी झाली ती 1958 च्या कायद्याने. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमीन परत मिळाली, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता न येणारी. गुलामगिरी कशी कागदोपत्री चालली आणि कशी कागदोपत्री संपली, याला ज्ञान म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याने गावेच्या गावे उठवली. पाणी ओसरले की पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ वर येते आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. गाव बुडाले तेव्हा त्याची खालची आळीही बुडाली, तिला शिखर नव्हते. उठताना भांडी आणि शेळ्या आधी निघतात. कागद राहिलेच तर शेवटी.

मी एका कार्यालयात प्रस्ताव घेऊन गेलो होतो. यंत्रासाठी काही जमेल, पुढच्या वर्षांच्या खर्चासाठी शीर्षकच नाही, असे उत्तर मिळाले. येथे दात्यांचाही गैरसमज आहे. कागद स्कॅन केला म्हणजे तो टिकला असे नाही. हार्ड डिस्क बंद पडते, फाईलचा प्रकार कालबाह्य होतो. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, आणि दरवर्षी त्या उघडून पाहणारा माणूस हवा. ऑक्टोबर 2023 मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला आणि तिचे डिजिटल संग्रह कित्येक महिने वाचकांना बंद राहिले. तिथे ही गत, तर आमच्या विहारातील कपाटाचे काय? म्हणून यंत्रापेक्षा दरसालचे थोडे पैसे अधिक मोलाचे, पण ते कुणी देत नाही.

निव्वळ पैशानेही भागत नाही. बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड शासन काढते. पहिला 1979 साली आला. 2021 मध्ये ‘लोकसत्ता’च्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नऊ लाख प्रतींसाठी 5.45 कोटींचा कागद घेतलेला, आणि चार वर्षांत छापल्या होत्या 33 हजार प्रती.

शिवाय विश्वासाचा प्रश्न आहे. इंदापूरकडच्या एका आजीने पेटी हातात द्यायला साफ नकार दिला. “कागद नेला की माघारी येत न्हाई, मास्तर. वतनाचं कागद बी असंच बघतो म्हणून नेलं व्हतं.” तिचे चूक होते असे मला म्हणता येत नाही. मूळ कागद तिच्याच घरी राहील आणि प्रत कुणाला दाखवायची हे तीच ठरवील, अशी अट कोणत्याही अनुदानाच्या अर्जात मी पाहिलेली नाही. आम्ही तिच्या ओसरीवर बसून, तिच्यादेखत, छायाचित्रे घेतली. मध्येच ती एकेक पान हातात घेऊन उलटे धरून पाही.

आणि आपल्या मंडळांना विचारायचे की नाही? जयंतीला एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाचे भाडे जेवढे होते, तेवढ्यात दोन हार्ड डिस्क येतात. गेल्या जयंतीच्या बैठकीत मी हे बोललो. तरुण मुले हसली, एक-दोघांना राग आला. शेवटी वर्गणीतून एका वर्षापुरती रक्कम मिळाली, आणि तिची पावतीही फाडली गेली. वहीची तिसरी प्रत सध्या भाच्याकडे मुंबईला आहे.