बायबल बाईनं तपासलं तेव्हा

रात्रपाळी करून येतो नि शब्दकोश शेजारी ठेवून एलिझाबेथ कॅडी स्टँटनचं 'द वुमन्स बायबल' वाचतो. १८९५ आणि १८९८, असे दोन भाग. बाईला मत द्यायचं म्हटलं की पाद्री बायबल पुढं करायचे. अमेरिकेतल्या या म्हातारीनं बायबललाच हात घातला. बाईविषयीची वचनं एकेक काढून तपासली. ही देवाची वाणी नाही, पुरुषांचं लिखाण आहे, असं ठणकावलं.

तिचीच मताधिकार संघटना घाबरली. १८९६ साली ५३ विरुद्ध ४१ नं ठराव झाला : या पुस्तकाशी आमचा संबंध नाही. सुसान अँथनी ठरावाविरुद्ध ठामपणे बोलली. मतासाठी भांडणाऱ्यांनी मतदान करून मतच दाबलं!

पण मी स्टँटनला डोक्यावर घेणार नाही. काळ्या पुरुषांना मताधिकार देणाऱ्या १५ व्या घटनादुरुस्तीला १८६९ मध्ये तिनं विरोध केला, काळ्यांना हिणवलं. उलट गुलामीत जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी सोजर्नर ट्रुथ तेच बायबल ऐकून बाईच्या हक्कासाठी गर्जत होती. १९२० ला बाईला मत मिळालं. दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायांना १९६५ पर्यंत थांबावं लागलं.

पोथी नाकारली, झकास. वर्णाचा माज टाकला काय? पुस्तक जरूर वाचा, नि हे विचाराच.