पंढरपूरचा चित्रकार, दोह्यातले संग्रहालय

नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्यात मकबूल फिदा हुसेन यांचे 'लौह व कलम' हे संग्रहालय उघडले. नांदेड-लातूरहून आखातात कामाला गेलेली आमची मुले ते पाहू शकतील. आम्ही ही चित्रे छापील पानांवरच पाहत आलो.

अखेरच्या वर्षांत हुसेन यांनी अरब संस्कृतीवर मालिका रंगवली. ती भव्य आहे, पण आमचा जीव गुंततो तो आधीच्या रामायणात. राममनोहर लोहियांच्या सूचनेवरून हैदराबादेत काढलेली ही चित्रे त्यांनी बैलगाडीतून खेड्यांत नेली. शहरी रसिकांना पडणारे प्रश्न तिथे कुणाला पडले नाहीत, असे ते सांगत.

त्यांच्या घोड्यांत मोहरमचा दुलदुल आहे. बिनचेहऱ्याच्या स्त्रियांत नऊवारीतली आई आहे, जिचा चेहराही त्यांना आठवत नव्हता. हनुमान त्याच कुंचल्याचा. यातले 'आपले' कोणते, 'त्यांचे' कोणते, हे वेगळे काढताच येत नाही. वाद मात्र त्याचाच झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये अश्लीलतेचे खटले रद्द केले, तोवर हुसेन देशाबाहेर गेले होते. २०१० मध्ये ते कतारचे नागरिक झाले, २०११ मध्ये लंडनमध्ये वारले.

दोह्याच्या मुलांना आम्ही सांगून ठेवले आहे : येताना एखाद्या घोड्याचे चित्र आणा.