तरवड, हिवर आणि वाङ्मयाची साक्ष

सातबाऱ्यावर जिला ‘पोटखराब’ म्हणतात, त्या जमिनीला आमच्या जेऊरकडे नुसते ‘माळ’ म्हणतात. मराठी कथा-कवितेत मात्र ती बहुधा ‘उजाड’ नाहीतर ‘ओसाड’ असते. तलाठ्याच्या आणि कवीच्या शब्दामागे एकच समजूत आहे: इथे पूर्वी काही तरी चांगले होते, बहुधा दाट रान होते, आणि ते माणसांनी व शेळ्यामेंढ्यांनी खाऊन टाकले. या समजुतीला मराठी वाङ्मयाचाच पुरावा काढून आव्हान देणारा एक अभ्यास अलीकडे प्रसिद्ध झाला आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातील वनस्पती-परिसंस्थांचे अभ्यासक आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या ‘आयसर’मधील दिग्विजय पाटील यांचा हा निबंध ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात आला. आपल्या जुन्या वाङ्मयाचा असा उपयोग परदेशी विज्ञानपत्रिकेत व्हावा आणि मराठीच्या विभागांत त्याची फारशी चर्चा होऊ नये, हे मला खटकले. म्हणून हा लेख.

निबंधाची मांडणी साधी आहे. पश्चिम महाराष्ट्रातील कमी पावसाच्या पट्ट्याशी निगडित, तेराव्या ते विसाव्या शतकांतील २८ कथने लेखकांनी निवडली: काव्ये, चरित्रे, लोककथा, गाणी. त्यांतून ४४ रानवनस्पतींची नावे वेचली आणि प्रत्येक वनस्पती आज कुठे वाढते ते पाहिले. २७ माळरानाच्या निघाल्या, १४ कुठेही जगणाऱ्या, आणि खास जंगलाच्या म्हणता येतील अशा फक्त ३. लेखकांचा निष्कर्ष असा की हा प्रदेश तोडलेले जंगल नव्हे; निदान साडेसातशे वर्षे तो विरळ झाडांचा, काट्यांचा आणि गवताचाच आहे.

वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून पहिला आक्षेप लगेच सुचतो. काव्यात आलेले झाड जमिनीवर असतेच असे नाही. आपल्या माहात्म्यग्रंथांत कुठलेही क्षेत्र वर्णायला घेतले की चंदन, अशोक, चंपक, नारळी, पोफळी यांची रांग लागते. ती संस्कृत काव्यसंकेतातून येते, मातीतून नव्हे. गावाच्या नावांचेही तेच. आमच्याच तालुक्यात लव्हे आहे, निंभोरे आहे, पांगरे आहे. लव्हाळा, निंब, पांगारा इथे कधी काळी होते म्हणायला हरकत नाही. पण पोफळजही आहे. तेवढ्यावरून करमाळ्याच्या मुरमाड जमिनीत सुपारीच्या बागा होत्या असे कुणी म्हणू लागला, तर आपण त्याला पाणी पाजून घरी पाठवू.

पण हाच आक्षेप थोडा पुढे नेला की तो उलटा फिरतो, आणि या निबंधाचे खरे बळ मला तिथे दिसते. संकेताचा ओढा नेहमी घनदाट वनाकडे, तपोवनाकडे असतो. तरवड, हिवर, बाभूळ, बोर यांना काव्यात मानाचे पान नाही. चंदन लिहायला कवीला चंदन पाहावे लागत नाही. हिवर लिहायला मात्र हिवर पाहावा लागतो, निदान ऐकणाऱ्याने तरी पाहिलेला असावा लागतो. त्यामुळे संकेताच्या विरोधात जाऊन आलेल्या काटेरी झाडाचे वजन संकेतातून आलेल्या झाडापेक्षा कितीतरी जास्त धरले पाहिजे. एवढा मोठा ओढा असूनही जंगलाची झाडे ४४ पैकी ३च निघावीत, ही गोष्ट योगायोगाने होत नाही.

माझी तक्रार अशी की मोजणी म्हणून मोजणी करताना ही वजने निघून जातात. महानुभावांचे गद्य आणि एखादे क्षेत्रमाहात्म्य यांना एकाच तागडीत घालता येत नाही. म्हाइंभटाने लीळा गोळा केल्या त्या साक्षीदार गाठून, कोण कुठे बसले, कोणत्या दिशेने आले, हे विचारून. ‘स्थानपोथी’ तर चक्रधरांच्या वास्तव्याच्या जागांचा जवळजवळ नकाशाच आहे. अशा ग्रंथात झाड आले तर ते खूण म्हणून येते. अभंगात काटा आला तर तो बहुधा संसाराचा असतो. दृष्टान्तातली वनस्पतीही पुरावा आहेच, पण ती ऐकणाऱ्याच्या ओळखीची होती एवढ्याचाच. आणि दृष्टान्त वारकऱ्याबरोबर शंभर कोस चालत जातो. प्रत्येक उल्लेखापुढे ‘खूण’, ‘दृष्टान्त’, ‘संकेत’ असा रकाना घातला असता तर निष्कर्ष बदलला नसता, पण तो अधिक चिवट झाला असता. हे काम वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाही. ते आमचे होते आणि आम्ही ते केले नाही.

दुसरी उणीव मला जास्त महत्त्वाची वाटते. माळरान म्हणजे मुळात गवत, आणि वाङ्मय गवताला नाव देत नाही. झाडाला नाव असते, वेलीला असते. गवत मात्र ‘तृण’ किंवा ‘चारा’. देवाला आपण दूर्वा वाहतो, श्राद्धाला दर्भ लागतो, बाकीचे सगळे गवत निनावी. ज्यांनी नावे दिली त्यांचे वाङ्मय लिहिले गेले नाही, किंवा फार उशिरा लिहिले गेले. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या आणि त्यांचे देव यांच्यामागे आयुष्य घातले. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ सालच्या ग्रंथात पंढरीचा देव मुळात गवळी-धनगरांचा असल्याचे दाखवले. उजनीतून सुटलेले पाणी ज्या पंढरपुरात पोचते तिथला हा देव गाईगुरांचा असेल, तर त्या गुरांना चरायला काही तरी होतेच. गाई राखताना मेलेल्यांचे वीरगळ महाराष्ट्रभर उभे आहेत. २०२३ साली राज्यगीत झालेल्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा अभिमानाने उल्लेख आहे. ती तट्टे काय खाऊन वाढली हे आपण विचारत नाही.

आपल्या निसर्गलेखनाचाही यात दोष आहे. मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले आणि २०२५ साली सोलापुरातच गेले, पण त्यांच्या लेखनाचा जीव विदर्भाच्या जंगलात, नवेगावबांधात होता. ते त्यांच्या नोकरीचे क्षेत्र होते, त्यांना बोल नाही. पण त्यानंतर मराठी वाचकाच्या मनात निसर्ग म्हणजे अरण्य हे पक्के झाले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त (१९५५) माळ जिवंत उभा केला, तरी तिच्यावरची जी समीक्षा मी वाचली आहे तिच्यात माळ ही दुष्काळाची पार्श्वभूमी एवढाच उरतो.

या सगळ्याला वाङ्मयीन वाद म्हणून बाजूला ठेवता येत नाही. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर-नगर जिल्ह्यांत जे अभयारण्य जाहीर झाले ते कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते आणि त्यात आमचा करमाळा तालुकाही होता. पुढे ते आक्रसून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आले. माळढोकाला झाड नको असते, लांबवर दिसणारे गवत हवे असते. तरीही माळांवर गिरिपुष्पाची लागवड झाली, कारण हिरवे करणे म्हणजे झाड लावणे. २०१६ साली राज्याचे वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २ कोटी होते, २०१९ साली ३३ कोटी. एवढी झाडे लावायची तर रिकामी जागा हवी, आणि रिकामी जागा म्हणजे गायरान आणि माळ. केंद्र सरकार तर पडीक जमिनींचा नकाशासंग्रहच प्रसिद्ध करते. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ साली देशातल्या कोरड्या प्रदेशातील नैसर्गिक मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा काढला, तेव्हा त्या देशाच्या भूभागाच्या सुमारे १० टक्के निघाल्या. संरक्षित क्षेत्रात त्यातला ५ टक्केही भाग नव्हता, आणि बराच मोठा भाग ‘पडीक’ या शिक्क्याखाली होता. सौर प्रकल्पांची नजरही याच जमिनींवर आहे.

अशा वेळी ‘हे मुळात जंगल नव्हते’ हे सांगणारा पुरावा नुसता अभ्यासिकेत राहत नाही. पण त्याची मर्यादाही नीट सांगितली पाहिजे. तेराव्या शतकापूर्वी काय होते हे मराठी वाङ्मय सांगू शकत नाही, कारण तेव्हाचे मराठी वाङ्मय आपल्या हाती फारसे नाही. सातवाहनांच्या काळात इथे कुऱ्हाड चालली असेल, असे कुणी म्हटले तर ओवी त्याला उत्तर देणार नाही. तिथे जुन्या परागकणांकडे आणि केवळ इथल्या माळांवरच सापडणाऱ्या वनस्पतींकडे वळावे लागेल. इंग्रजांनी आणि रेल्वेने रान संपवले ही आवडती कथा मात्र या निबंधापुढे टिकत नाही.

आणि पूर्ववत करायचे म्हणजे कुठल्या सालापर्यंत मागे जायचे? जेऊरहून उजनीच्या काठी गेले की हा प्रश्न सोपा राहत नाही. १९८० साली धरण पुरे झाले, गावे पाण्यात गेली, पळसदेवचे देऊळ बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते अजून वर येते. नाव पळसावरून, हे कुणीही सांगेल. त्याच पाण्यावर आज हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि माणसे मोटारी करून ते बघायला येतात. काठावर ऊस आहे, कंदरची केळी परदेशी जातात. तो भाग कुणी पुन्हा माळ करणार नाही, मीही तसे म्हणणार नाही. प्रश्न उरलेल्या खडकाळ पट्ट्यांचा आहे.

हा निबंध वाचून झाल्यावर मी वही घेऊन आमच्या माळावर गेलो. मेंढरे घेऊन एक ओळखीचे म्हातारे बसले होते. “मामा, इथल्या गवतांची नावं सांगा,” म्हटले. त्यांनी आधी माझ्याकडे, मग वहीकडे पाहिले. पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा असे करत अकरा नावे सांगितली, मेंढी कोणते कधी खाते आणि कोणते तोंडाला लावत नाही हेही. “मास्तर, तिकडं खड्डं खांदल्यात झाडाला, बघितलं का? आता ह्यातलं किती ऱ्हातंय कुणास ठावं,” म्हणाले. घरी येऊन मोल्सवर्थचा कोश उघडला. अकरातली तीन नावे त्यात सापडली नाहीत. पुन्हा जाऊन त्यांच्याकडून ती नीट उच्चारून घ्यायची आहेत.