हिंदमाताचे पाणी आणि सूचीतले शब्द

पावसाळा सुरू झाला की दादर-परळच्या शाळांतून एक प्रकल्प हमखास निघतो : 'हिंदमाताला पाणी का साचते?' विषय उत्तम आहे. मुलांच्या पायाखालचा आहे, अगदी शब्दशः. वर्तमानपत्रांची कात्रणे जमतात, गुडघाभर पाण्यातून चाललेल्या बसचे छायाचित्र तक्त्यावर चिकटते आणि 'प्लास्टिकच्या पिशव्यांमुळे' असे उत्तर लिहून प्रकल्प पुरा होतो. स्थापत्य अभियंत्यांनी या प्रश्नावर काय संशोधन केले आहे ते पाहावे, असे थोड्याच शिक्षकांना वाटते. ज्यांना वाटते तेही पहिल्याच पायरीवर अडतात. यात शिक्षकांचा दोष किती आणि संशोधनलेखांच्या सूचींचा किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

मुंबईत आपण या प्रकाराला 'वॉटरलॉगिंग' म्हणतो. महानगरपालिका म्हणते, वर्तमानपत्रे म्हणतात, टॅक्सीवालाही म्हणतो. हाच शब्द ग्रंथालयाच्या संगणकावरील माहितीसंचात घालून पाहा. पुढे येतात ते बहुतेक शेतीवरचे लेख : कालव्याच्या अतिसिंचनाने वर चढलेली भूजलपातळी, क्षारपड जमीन, पाण्यात बुडालेल्या मुळांना न मिळणारा प्राणवायू. शास्त्रीय लिखाणात या शब्दाचा रूढ अर्थ तोच आहे. आपल्या मराठीत त्याला 'चिबड' असा नेमका शब्द आहे. सांगलीकडच्या ऊसपट्ट्यातील शिक्षकाला हे लेख उपयोगी पडतील. परळच्या शिक्षकाचा मात्र समज होतो, की आपल्या प्रश्नावर कोणी संशोधनच केलेले नाही.

प्रत्यक्षात केलेले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तर बरेच झाले. मुंबई आय.आय.टी.तील प्राध्यापक कपिल गुप्ता यांचा एक महत्त्वाचा लेख 'अर्बन वॉटर जर्नल'मध्ये २००७ साली आला. त्याच्या शीर्षकात 'अर्बन फ्लड रेझिलियन्स' आणि 'मुंबई' हे शब्द आहेत. 'वॉटरलॉगिंग' नाही, आणि हिंदमाता तर नाहीच. 'क्लायमॅटिक चेंज' या नियतकालिकात २०११ साली आलेला मुंबईवरचा लेख 'फ्लड रिस्क' या शब्दांनी सापडतो. म्हणजे लेख आहेत, पण त्यांच्या दारावर वेगळ्याच नावाच्या पाट्या आहेत.

पाट्यांचा हा घोळ आणखी खोल आहे. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या व्यवस्थेला मुंबईत 'स्टॉर्म वॉटर ड्रेन' म्हणतात. पालिकेचे खातेच त्या नावाचे आहे. 'सीवर' म्हटले की आपल्याला मैलापाणी आठवते. अमेरिकन अभियंता मात्र पावसाच्या पाण्याच्या नळालाही 'स्टॉर्म सीवर'च म्हणतो. एकच शब्द धरून शोधणाऱ्याला निम्मे जग दिसत नाही. पालिकेने २०२१-२२च्या सुमारास दादरच्या प्रमोद महाजन कलापार्काखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. भरती असताना हिंदमाताचे पाणी पंपाने तेथे नेऊन साठवायचे आणि ओहोटीला सोडून द्यायचे, अशी ती योजना. आपण त्यांना 'भूमिगत टाक्या' म्हणतो, अभियांत्रिकीत त्या 'डिटेन्शन टँक'. (शिक्षकांना 'नो डिटेन्शन'चे धोरण चांगलेच ठाऊक आहे, येथे पाण्याला काही तास वर्गात बसवून ठेवायचे, एवढाच फरक!) पाणी कायम साठवून ठेवणारे तळे असेल तर शब्द बदलतो : 'रिटेन्शन'. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्याच्या मुखाच्या वर जाते आणि पाणी बाहेर पडूच शकत नाही, त्यासाठी 'टाइड लॉकिंग'. हिंदमाताचे कोडे असे चार-पाच शब्दांत विखुरलेले आहे आणि त्यांतला एकही शब्द कात्रणांत सापडत नाही.

याच अडचणीवर एका प्राध्यापकाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी उपाय शोधला होता. अमेरिकेतील सेंट लुईस येथे स्थापत्यशास्त्र शिकवणारे जॉन बटलर जॉन्सन यांनी १८८४ साली अभियांत्रिकी नियतकालिकांतील लेखांची सटीप सूची छापायला सुरुवात केली. त्यातूनच 'इंजिनिअरिंग इंडेक्स' उभी राहिली. आपली व्हीजेटीआय १८८७ची, म्हणजे जवळजवळ तिच्याच वयाची. आज ही सूची 'कॉम्पेंडेक्स' या नावाने संगणकावर आहे आणि १८८४पर्यंत मागे जाता येते. तिचे मर्म तिच्या आकारात नाही, विषयशब्दांत आहे. लेखकाने 'ड्रेन' लिहिलेले असो वा 'सीवर', सूचीकार ठरलेल्या कोशातला एकच विषयशब्द त्या लेखाला लावतो. तो शब्द हाती लागला की वेगवेगळ्या बोलींत लिहिलेले लेख एका ओळीत येऊन उभे राहतात. म्हणून युक्ती अशी : सुरुवातीला अंदाजाने शोधावे, उपयोगी असा एक तरी लेख मिळवावा, त्याच्या नोंदीखालचे विषयशब्द पाहावेत आणि त्या शब्दांनी पुन्हा शोधावे. समानार्थी शब्दांमध्ये 'ऑर' घालावा, वेगळ्या कल्पना 'अँड'ने जोडाव्यात, दोन शब्द एकत्रच हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत ठेवावेत. ही तीन साधने पुरतात. त्यापुढची कसरत ग्रंथपालांना करू द्यावी. त्यांना ती आवडते.

आता कोणी म्हणेल, एवढे कशाला, गूगल स्कॉलर आहे की! २००४ साली आलेल्या या साधनाला कमी लेखणे योग्य नाही. एका बाबतीत ते सूचीपेक्षा सरस आहे. सूची शोधते ती मुख्यतः शीर्षक, सारांश आणि विषयशब्द यांत. स्कॉलर पुष्कळदा लेखाचा संपूर्ण मजकूर चाळते. 'हिंदमाता' हे नाव एखाद्या लेखाच्या सातव्या पानावर दडलेले असेल, तर ते स्कॉलरलाच सापडेल. स्थळनामांसाठी मी तरी तेथेच जातो. पण त्याच्या पोतडीत कोणती नियतकालिके आहेत आणि कोणती नाहीत, याची यादी ते देत नाही. शिवाय ज्यांचा उल्लेख इतरांनी पुष्कळ केला ते लेख वर येण्याकडे त्याचा कल असतो, त्यामुळे ताजे आणि स्थानिक काम खाली राहते. संवाद साधणारे नवे संगणकी मदतनीस समानार्थी शब्द सुचवायला चांगले. मात्र लेखांची नावे मागितली तर अस्तित्वातच नसलेले लेखही ते आत्मविश्वासाने सांगतात. त्यांनी दिलेले प्रत्येक नाव सूचीत पडताळल्याशिवाय फळ्यावर लिहू नये.

मुंबईतील काम शोधणाऱ्यासाठी आणखी एक खड्डा आहे, तो नावांचा. शहराचे नाव १९९५ साली अधिकृतपणे मुंबई झाले. त्याआधीच्या लेखांवर 'बॉम्बे' आहे. आय.आय.टी. अजूनही 'बॉम्बे'च लावते. व्हीजेटीआयमधला 'व्ही' १९९७पर्यंत व्हिक्टोरियाचा होता, नंतर वीरमातेचा झाला. माटुंग्यातली शेजारची संस्था १९३३पासून विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, मग यूआयसीटी, २००८पासून आयसीटी. एकाच आवारातले संशोधन तीन नावांखाली विखुरले आहे. 'स्कोपस'सारख्या सूची एका संस्थेची अनेक नावे एकत्र बांधण्याचा प्रयत्न करतात, पण शोधणाऱ्याने जुनी नावे स्वतः घालून पाहिलेली बरी.

माझी खरी तक्रार मात्र धोरणाबद्दल आहे. 'एक राष्ट्र एक वर्गणी' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्था. ज्या छोट्या सरकारी महाविद्यालयाला एका नियतकालिकाची वर्गणी परवडत नव्हती, तेथे हजारो नियतकालिके पोचली. ही मोठी गोष्ट आहे, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण हा सारा खर्च कपाटांवर झाला. कपाटांत काय कोठे आहे हे सांगणाऱ्या सूचींचे काय, आणि त्या वापरायला शिकवणार कोण? तेरा हजार नियतकालिके समोर ठेवून विद्यार्थ्याला 'वॉटरलॉगिंग' लिहायला लावणे म्हणजे लालबागच्या गर्दीत आडनावाशिवाय माणूस शोधायला पाठवणे. आणि शाळा तर या योजनेत नाहीतच. विज्ञान प्रकल्पाचे मार्गदर्शन करणारा शाळाशिक्षक हा संशोधनाचा वाचक आहे, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. तोवर त्याने ओळखीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना गाठावे. प्रबंधांसाठी 'शोधगंगा', एनआयएससीपीआरच्या नियतकालिकांचा भांडार आणि वाहतूक-रस्ते-पूल यांसाठी अमेरिकेतील 'ट्रिड' ही सूची, हे सारे घरबसल्या व विनामूल्य आहे.

एवढे सगळे करूनही हिंदमाताबद्दलचा एक महत्त्वाचा आकडा नियतकालिकांच्या सूचीत शोधून भागणार नाही. तो आहे ब्रिमस्टोवॅड अहवालात. मुंबईच्या पर्जन्यजल व्यवस्थेचा हा अभ्यास १९९३ साली पुरा झाला. २००५च्या पुरानंतर माधवराव चितळे समितीने २००६ साली दिलेला अहवालही अशाच प्रकारचा दस्तऐवज. अभियांत्रिकीतले कितीतरी ज्ञान अशा अहवालांत असते आणि लेखांच्या सूची त्यांच्याकडे सहसा फिरकत नाहीत. संशोधनलेखाच्या शेवटी दिलेल्या संदर्भांतच त्यांचा माग लागतो, म्हणून लेखाचे शेवटचे पान आधी वाचावे. आकडा असा : जुन्या नाल्यांची रचना करताना तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्मा वाहून येईल, असे धरले होते. ब्रिमस्टोवॅडने ५० मिलिमीटर पाऊस आणि तो सगळाच वाहून येईल, असे धरायला सांगितले, कारण मोकळी जमीन उरलीच नव्हती. आठवीच्या मुलांना एक हेक्टर क्षेत्रासाठी हे गणित करायला द्यावे. जुन्या हिशेबाने तासाला १२५ घनमीटर पाणी येते, नव्या हिशेबाने ५००.