चाहत्यांचे अर्थनिर्णयन : 'मास इफेक्ट ३'चा शेवट

बायोवेअर या कॅनेडियन कंपनीच्या 'मास इफेक्ट ३' या व्हिडिओ गेमचा शेवट मार्च २०१२ मध्ये असंख्य खेळाडूंना असमाधानकारक वाटला. तीन भागांत घेतलेले निर्णय अखेरीस जवळजवळ सारखेच ठरावेत, ही मुख्य तक्रार होती. तीतूनच 'इंडॉक्ट्रिनेशन थिअरी' बळावली. रीपर या यंत्रवंशाच्या किरणाने घायाळ झालेल्या कमांडर शेपर्डला पुढे दिसते ते वास्तव नसून, मनाचा ताबा घेण्यासाठी रचलेला भास होय, असे हा सिद्धांत मानतो.

या मांडणीस संहितेत आधार आहे. रीपरांची ही शक्ती २००७ च्या पहिल्या भागातच प्रस्थापित झालेली आहे. आरंभी मृत्युमुखी पडलेला मुलगा शेपर्डच्या स्वप्नांत वारंवार येतो. अखेरीस त्याचेच रूप धारण केलेली शक्ती पर्याय पुढे ठेवते.

तथापि, कथनातील प्रत्येक त्रुटी भासाचाच पुरावा ठरू लागली, की सिद्धांत खोडून काढण्याचा मार्ग उरत नाही; लेखकाचा दोष नायकाच्या मनावर ढकलला जातो. जून २०१२ मधील विस्तारित शेवटाने भासाची पुष्टी केली नाही, तरीही सिद्धांत टिकला. त्याचे कारण पुराव्यात नव्हे, तर त्याने भरून काढलेल्या उणिवेत शोधावे लागते. त्याच्या मते रीपरांवर नियंत्रण किंवा त्यांच्याशी एकरूपता निवडणारा फसतो आणि त्यांचा विनाश निवडणारा मुक्त होतो. मूळ शेवटाने निष्फळ केलेल्या निवडीस येथे नैतिक वजन प्राप्त होते. म्हणून संहितेचा अर्थ म्हणून हा सिद्धांत दुर्बल असला, तरी तिच्यावरील टीका म्हणून तो समर्थ ठरतो.